ओझरहून दिल्लीला विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी

माझ्या निफाडच्या मामांना दिल्लीतल्या एका रुग्णालयात दुपारी तीनची वेळ मिळाली होती. मामेभावाने मोबाइलवर शोधलं, ‘नाशिक ते दिल्ली विमानाने किती वेळ’. उत्तर आलं, सव्वा तास. त्याने बारा वाजता सुटणारं विमान निवडलं. सव्वाला दिल्ली, दोनपर्यंत रुग्णालय, वर तासभर हाताशी, असा त्याचा हिशोब. प्रत्यक्षात विमान दिल्लीला टेकून दारं उघडेपर्यंत दोन वाजले, बॅग हातात येईपर्यंत अडीच, आणि मामा रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभे राहिले तेव्हा पावणेचार झाले होते. नंबर गेला. विमान एक मिनिटही उशिरा आलं नव्हतं. सव्वा तासाचा आकडाही खोटा नव्हता, पण तो मामांच्या प्रवासाचा आकडा नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणीही पहिल्यांदा विमानाने निघालं की मी कागद घेऊन बसते. नाशिक, निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून पहिल्यांदाच ओझरहून उडणाऱ्या सगळ्यांसाठी तोच कागद इथे मांडते. उदाहरण दिल्लीचं घेतलंय, रीत कुठल्याही दोन शहरांना चालते.

पायरी १: अंतर कुठून कुठपर्यंत, ते आधी ठरवा

इंटरनेटवर ‘नाशिक ते दिल्ली हवाई अंतर’ शोधलं की कुठे ९९० किलोमीटर दिसतं, कुठे १,०१५. दोन्ही बरोबर असू शकतात. पहिलं अंतर विमानतळ ते विमानतळ आहे, दुसरं शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचं. आपला विमानतळ नाशकात नाही, तो ओझरला आहे, शहरापासून साधारण २० किलोमीटर ईशान्येला. दिल्लीकडे जाताना तेवढं अंतर आपण गाडीनेच कापलेलं असतं. विमानाच्या वेळेसाठी नेहमी विमानतळ ते विमानतळ हेच अंतर धरा.

नवख्यांसाठी इथे दोन सूचना. तिकीट शोधताना नाशिकचा कोड आयएसके आहे आणि दिल्लीचा डीईएल. आणि नकाशात नुसतं ‘ओझर’ टाकू नका, कारण अष्टविनायकातलं विघ्नेश्वराचं ओझर जुन्नर तालुक्यात आहे. ‘नाशिक विमानतळ’ असं टाका. प्रवासी टर्मिनल जानोरीच्या बाजूला आहे. जुनी माणसं ‘ओझर मिग’ म्हणतात ती एचएएलची, म्हणजे लढाऊ विमानं बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्स कंपनीची वसाहत आणि कारखाना, तिकडच्या गेटवर प्रवाशांना सोडत नाहीत.

पायरी २: सरळ अंतर स्वतः काढून पाहा

हे कुठल्याही संकेतस्थळावर आयतं मिळतं, तरी एकदा हाताने करून बघाच. दहावीचं गणित पुरतं, आणि एकदा केलं की पुढे कुणी कुठलाही आकडा सांगितला तरी तो पटण्यासारखा आहे की नाही, हे लगेच कळतं.

सगळ्यात सोपं उदाहरण गोव्यातल्या मोपा विमानतळाचं. ओझरचा विमानतळ २०.१२ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मोपा १५.७४ वर. दोघांचे रेखांश जवळपास सारखेच, ७३.९ च्या आसपास. म्हणजे मोपा ओझरच्या नाकासमोर दक्षिणेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. फरक ४.३८ अंशांचा, म्हणून ४.३८ गुणिले १११, सुमारे ४८६ किलोमीटर. झालं.

दिल्ली नाकासमोर नाही, ती थोडी पूर्वेला आहे. दिल्ली विमानतळाचा अक्षांश २८.५६, रेखांश ७७.१०. ओझरचा रेखांश ७३.९१. उत्तरेकडचा फरक ८.४४ अंश, म्हणजे ९३७ किलोमीटर. पूर्वेकडचा फरक ३.१९ अंश. पण इथे सरळ १११ ने गुणायचं नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकत्र येत जातात, त्यामुळे उत्तरेला गेलं की त्यांच्यातलं अंतर कमी होतं. दोन्ही ठिकाणांच्या मधला अक्षांश घ्यायचा, इथे तो २४ च्या पुढे, त्याची कोसाइन किंमत ०.९१. म्हणून ३.१९ गुणिले १११ गुणिले ०.९१, म्हणजे ३२२ किलोमीटर. आता ९३७ आणि ३२२ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. पायथागोरस लावा, कर्ण येतो साधारण ९९० किलोमीटर.

ही सपाट कागदाची रीत देशातल्या अंतरांना पुरते. लंडन-न्यूयॉर्कसारख्या लांबच्या प्रवासाला पृथ्वीचा गोलावा मोजावा लागतो. गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग बृहद्वृत्ताचा असतो आणि भिंतीवरच्या नकाशात तो धनुष्यासारखा वाकलेला दिसतो.

रस्त्याने हीच दिल्ली साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास पडते. मुंबई-आग्रा महामार्ग धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा पूर्वेला पोट काढून जातो. ओझर ते दिल्ली सरळ पट्टी ठेवली, तर ती साक्रीजवळून निघते, रतलामजवळून जाते, कोट्यावरून जाते आणि दौसाच्या बाजूने दिल्लीत उतरते. इंदूर आणि ग्वाल्हेर दोन्ही तिच्या उजव्या हाताला राहतात. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर नकाशावर ही पट्टी त्याच्याकडून ठेवून घ्या. आमच्या भाचीला अक्षांश-रेखांश पुस्तकातून समजले नव्हते, ते या एका रेषेने समजले.

याच रीतीने ओझरहून बंगळूर सुमारे ८७०, हैदराबाद ५७०, नागपूर ५४५ आणि अहमदाबाद ३५५ किलोमीटर येतं. मुंबई फक्त १६०.

पायरी ३: अंतराला नुसतं वेगाने भागू नका

मामेभावाचा सव्वा तास इथूनच आला होता. एअरबस ए-३२० जातीचं विमान वर, पस्तीस हजार फुटांच्या आसपास, ताशी साधारण ८३० किलोमीटरने जातं. ९९० भागिले ८३०, एक तास बारा मिनिटं. गणित चोख, पण विमान हा वेग सगळ्या वाटेवर धरत नाही.

वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. उतरण्याची तयारीही फार आधी सुरू होते. वैमानिकांचा एक ठोकताळा आहे, हजार फुटांतल्या उंचीला तीनने गुणायचं, तितके सागरी मैल आधी उतरायला लागायचं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पस्तीस हजार फुटांसाठी १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर. आपल्या सरळ रेषेवर ही जागा दौसाच्या आसपास येते. खिडकीतून दिल्लीचा मागमूसही नसतो, तरी विमान उतरायला लागलेलं असतं आणि कान बंद व्हायला लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा. आवंढा गिळायचा, लहान मुलांना काहीतरी चोखायला द्यायचं.

शिवाय विमान पट्टीसारखं सरळ जात नाही. त्याला ठरलेले हवाई मार्ग असतात, लष्करासाठी राखलेल्या हद्दी टाळाव्या लागतात, आणि दिल्लीसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरण्यासाठी रांगेत लागावं लागतं, कधी घिरट्याही घालाव्या लागतात. अंतराला त्यामुळे शंभरेक किलोमीटरचा तरी फाटा फुटतो.

आणि जमिनीवरचा वेळ. तिकिटावर छापलेला वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतचा तो वेळ असतो. या धंद्यातली माणसं त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. ओझरला धावपट्टीपर्यंत जायला काही मिनिटंच लागतात. दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत, टेकल्यानंतर टर्मिनलपर्यंत पंधरा-वीस मिनिटं नुसतं जमिनीवर चालण्यात जाऊ शकतात.

हे सगळं धरून माझा घरगुती ठोकताळा असा: जेट विमान असेल तर किलोमीटरला १३ ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा. दिल्लीसाठी ९९० भागिले १३ म्हणजे ७६ मिनिटं, अधिक ४०, जवळपास दोन तास. बंगळूरसाठी पावणेदोन तास. छोटं पंख्याचं एटीआर विमान असेल तर किलोमीटरला साडेआठने भागा आणि ३० मिळवा, कारण ते ताशी पाचशेच्या आसपासच जातं, पण फार उंच चढत नाही. एटीआरने अहमदाबाद सव्वा तासाच्या आत-बाहेर, हैदराबाद दीड तासाच्या थोडं पुढे. कुठलं विमान आहे ते तिकीट काढतानाच उड्डाणाच्या तपशिलात लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा.

पायरी ४: वारा, धुकं आणि घड्याळ

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाताना शहर आपल्याकडे येतं आणि वेळ वाचतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. फरक पाडतो तो वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो. त्यामुळे मुंबईहून कोलकात्याला जाताना वेळ कमी लागतो, येताना जास्त. मुंबई-लंडनचंही तसंच, जाताना जास्त, येताना कमी. नाशिक-दिल्ली ही वाट मुख्यतः दक्षिणोत्तर असल्याने वारा बाजूने लागतो, फरक थोडाच पडतो.

दिल्लीकरता वाऱ्यापेक्षा धुक्याची काळजी करा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पहाटे आणि सकाळी तिथे दाट धुकं पडतं आणि सगळं वेळापत्रक पुढे सरकतं. गंमत अशी वाटते की ओझरला लख्ख ऊन असतं आणि तरी विमान हलत नाही, कारण ते दिल्लीहूनच आलेलं नसतं. या दीड महिन्यात रुग्णालय, कोर्ट, मुलाखत, परीक्षा असं काहीही असेल तर आदल्या दिवशी जा. एका रात्रीचा खोलीचा खर्च परवडतो, हुकलेली वेळ परवडत नाही.

घड्याळाचा घोळ देशात होत नाही, सगळीकडे एकच वेळ. परदेशात मात्र तिकिटावरची सुटण्याची वेळ इथली आणि पोहोचण्याची तिथली असते. मुंबईहून दहाला सुटून दुबईला पावणेबाराला पोहोचणारं विमान पावणेदोन तास घेत नाही. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. मुलाकडे पहिल्यांदा निघालेल्या आईवडिलांच्या औषधांच्या वेळा यावर ठरतात, म्हणून हे नीट समजावून सांगा.

पायरी ५: घर ते घर हिशोब, उलटा मांडायचा

माझ्या मते खरी पायरी हीच. कागदाच्या तळाशी जिथे पोहोचायचं ती वेळ लिहा आणि वर चढत या.

समजा दिल्लीत दुपारी तीनला कामाच्या जागी हवं आहे. पाऊण तास आधी पोहोचायचं, म्हणजे सव्वादोन. विमानतळ ते शहर तासभर, म्हणजे विमानतळातून बाहेर पडायला हवं सव्वाला. उतरणं, लांबलचक चालणं आणि पट्ट्यावरून बॅग घेणं, पाऊण तास, म्हणजे विमान साडेबाराला जागेवर उभं हवं. ब्लॉक टाइम दोन तास, म्हणजे सुटायला हवं साडेदहाला. ओझरला दीड-दोन तास आधी, म्हणजे पावणेनऊ. नाशकातल्या गंगापूर रोड किंवा इंदिरानगरहून द्वारका, आडगाव करत पाऊण ते एक तास. म्हणजे घर सोडायचं पावणेआठला. पावणेआठ ते सव्वादोन, साडेसहा तास. हा मामांच्या प्रवासाचा खरा आकडा होता.

यात कुठे वाचवता येईल? बॅग फक्त हातातली असेल तर दिल्लीत अर्धा तास वाचतो. हातातल्या बॅगेला सहसा सात किलोची मर्यादा असते, आत टाकायच्या बॅगेला पंधरा किलोची, पण आपलं तिकीट वाचून घ्या. वेब चेक-इन, म्हणजे इंटरनेटवरून हजेरी, घरूनच करा. दिल्लीत टर्मिनल ३ ला उतरलात तर एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो नवी दिल्ली स्टेशनला वीसेक मिनिटांत पोहोचवते, रस्त्यावरच्या गर्दीशी तिचा संबंध नाही. टर्मिनल १ ला उतरलात तर तिथे वेगळ्या मार्गाचं मेट्रो स्टेशन आहे. म्हणून टर्मिनल कुठलं ते आधीच बघून ठेवा.

कुठे वाचवू नये? ओझरच्या बाजूला. टर्मिनल छोटं आहे, आत वेळ लागत नाही, हे खरं. पण सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि महामार्गावर द्राक्षं, कांदा, टोमॅटोच्या गाड्यांच्या हंगामात कुठे अडकाल ते सांगता येत नाही. धावपट्टी एचएएलची आहे. मिग आणि सुखोई-३० इथेच बनली, ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या कारखान्यातलं पहिलं तेजस मार्क-१ए याच धावपट्टीवरून उडालं. त्यामुळे विमानात चढता-उतरताना मोबाइल काढून फोटो घेऊ नका, ही संरक्षणाची जागा आहे. नुसतं डोळे भरून बघा.

पायरी ६: ओझर, शिर्डी की मुंबई?

‘मुंबईहून विमानं जास्त आणि तिकीट स्वस्त’ हे पिढ्यान्‌पिढ्याचं नाशिककरांचं उत्तर. तिकिटाचं खरं असतंही. पण पूर्ण हिशोब करा. नाशिकहून मुंबई विमानतळ साधारण १६५ किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाचा त्रास टाळता येतो, पण भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. चार तास धरावेत. तिथे दोन तास आधी. मुंबई-दिल्ली अंतर सुमारे १,१४० किलोमीटर, म्हणजे ओझरपेक्षा दीडशेने जास्त, ब्लॉक टाइम सव्वादोन तासांच्या आसपास. दिल्लीतलं बाहेर पडणं आणि शहरात जाणं मिळवलं की दहा तास होतात. साडेसहा विरुद्ध दहा. गाडीचं भाडं आणि टोल मिळवला की स्वस्त तिकिटाचा फायदाही बराचसा उतरतो. तरुण माणूस एकटा, रात्रीची बस, सकाळचं विमान असं करणार असेल तर मुंबई ठीक. वयस्कर माणसांना ओझरचं थोडं महाग तिकीट काढून द्या, असं मी मनापासून सांगते.

सिन्नर, कोपरगाव, येवल्याकडच्यांनी काकडी गावाजवळचा शिर्डी विमानतळही बघावा, तो ऑक्टोबर २०१७ पासून सुरू आहे. त्याचा कोड एसएजी.

थेट विमान नसेल तर मधलं शहर अंतर पाहून निवडा. ओझरहून कोलकाता सरळ सुमारे १,५३० किलोमीटर. हैदराबादमार्गे ५७० अधिक १,२०५, म्हणजे पावणेअठराशे. दिल्लीमार्गे ९९० अधिक १,३१०, म्हणजे २,३००. पाचशे किलोमीटरचा फरक, आणि वर दिल्लीचं धुकं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं गेल्याची भरपाई कुणी देत नाही. तशीच वेळ आली तर मधे तीन-चार तास तरी ठेवा.

पायरी ७: आदल्या आठवड्यात पडताळून पाहा

विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मैत्रिणीने दिवाळीआधी सांगितलेली वेळ दिवाळीनंतर खरी असेलच असं नाही. आपल्या उड्डाणाचा क्रमांक फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर टाका, मागच्या काही दिवसांत ते प्रत्यक्ष कधी सुटलं आणि कधी टेकलं ते दिसतं. माझ्या ठोकताळ्यापेक्षा ते केव्हाही खरं.

ब्लॉक टाइम आणखी एका कामाला येतो. डीजीसीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी महासंचालनालयाच्या नियमांत प्रवाशांचे हक्क त्यावर बेतलेले आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर वेळेवर आलेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मागता येतं. आधी न कळवता उड्डाण रद्द केलं तर भरपाईची कमाल रक्कम एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,००० आहे. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून त्याहून कमी असेल तर तेवढंच मिळतं. धुकं, वादळ अशा कारणांना ही भरपाई लागू नाही. काउंटरवर शांतपणे, पण मागा. आपल्याकडची साधी माणसं चार-चार तास उपाशी बसून राहतात, कारण त्यांना मागता येतं हेच माहीत नसतं.

परतीचा कागद वेगळा करा. दिल्लीत आत शिरायला, तपासणीला आणि गेटपर्यंत चालायला वेळ लागतो, तिथे दोन तास आधी पोहोचाच, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. ओझरला उलट, उतरल्यावर वीसेक मिनिटांत बाहेर. रात्रीचं विमान असेल तर बाहेर गाडी मिळेलच असं धरू नका. दिल्लीहून विमानात बसल्यावर घरी फोन करा. तिथून दोन तास ब्लॉक टाइम, अधिक वीस मिनिटं. मामेभाऊ आता हाच हिशोब करून निफाडहून निघतो, आणि मामा बाहेर येतात तेव्हा गाडी समोर उभी असते.